वजीराबादच्या घारी

शाळेतलं झेंडावंदन आटोपलं आणि त्याच रात्री आम्ही मनमाडहून गाडी पकडली. थोरल्या मुलीला जामियाच्या हॉस्टेलवर सोडायचं होतं. सोबत बारा वर्षांचा धाकटा. जामा मशीद, लाल किल्ला पाहून झाल्यावर तो म्हणाला, "अम्मी, त्या घारींच्या दवाखान्यात जाऊ या ना." 'ऑल दॅट ब्रीद्स' हा २०२२ चा माहितीपट आम्ही घरी पाहिला होता.

वजीराबाद उत्तर दिल्लीत, यमुनेकाठी आहे. तुघलकांच्या काळातला दगडी पूल, शेजारी शाह आलमचा दर्गा, आणि पुढे दाटीवाटीची वस्ती. नदीम शहजाद आणि मुहम्मद सऊद या भावांनी आपलं काम इथेच उभं केलं. घरचा धंदा साबणाचे डिस्पेन्सर बनवायचा. २००३ च्या सुमारास त्यांना एक जखमी घार सापडली. पक्ष्यांच्या दवाखान्याने ती घेतली नाही, कारण घार मांस खाते. पुढे भाऊ स्वतःच उपचार शिकले, तळघरात घारी ठेवू लागले आणि २०१० मध्ये त्यांनी 'वाइल्डलाइफ रेस्क्यू' ही संस्था काढली. आजवर २० हजारांहून अधिक पक्ष्यांवर त्यांनी उपचार केले आहेत.

दिल्लीत घारी एवढ्या का? एक कारण शहराचा कचरा. दुसरं आपल्या ओळखीचं आहे. जुन्या दिल्लीत लोक सदका म्हणून घारींना मांसाचे तुकडे टाकतात. घार आपली बला घेऊन जाते, असं मानतात. अशा मोहल्ल्यांच्या आसपास घारींची घरटी जास्त असतात, हे अभ्यासकांनीही नोंदवलं आहे.

पण ज्या आकाशात सदका उडतो, त्याच आकाशात मांजाही असतो. दिल्लीत पंधरा ऑगस्टला पतंग उडतात. आम्ही गेलो तेव्हा खोक्यांमागून खोकी येत होती. टेबलावर एका घारीचा पंख पसरलेला होता. मांजा कातडी कापून आत हाडापर्यंत गेला होता. जखम धुतली, टाके पडले. कार्यकर्त्याने समजावलं, की कातडी शिवता येते, पण स्नायूची शीर तुटली तर पक्षी वाचतो, उडत मात्र नाही. गच्चीवरच्या जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यात बऱ्या होत आलेल्या घारी या टोकापासून त्या टोकापर्यंत पंख आजमावत होत्या. एका कोपऱ्यात काही नुसत्याच बसून होत्या.

तेवढ्यात एक बरी झालेली घार सोडली. ती कठड्यावर बसली, आमच्याकडे पाहिलंही नाही आणि निघून गेली. मी नकळत 'सुब्हानल्लाह' म्हटलं. मुलगा मात्र अजून टेबलाकडेच बघत होता. हळूच म्हणाला, "अम्मी, हा गुलाबी मांजा आपल्या घरीपण आहे ना?"

होता. आमच्या येवल्यात संक्रांतीला तीन दिवस पतंग उडतात. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे. ते परिपत्रक दर जानेवारीत वर्गात मीच वाचून दाखवते. आणि "सगळ्यांकडे तोच आहे," म्हणून लेक रडला, तेव्हा गुपचूप मीच तो आणून दिला होता.

घरी येताच त्याने माळ्यावरून आसारी काढली. नुसता फेकला तर तो पुन्हा एखाद्या झाडावर लटकेल, म्हणून आम्ही दोघांनी बसून कात्रीने त्याचे बोटभर तुकडे केले. असरपासून मगरिबपर्यंत वेळ गेला.

वाचकहो, मांजात अडकलेला पक्षी दिसला तर दोरा ओढू नका, दोन्ही बाजूंनी कापा. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. घरी पाळूही नका, तो कायद्याने गुन्हा आहे. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आणि त्याआधी, आपल्या माळ्यावर काय आहे ते एकदा बघा.