कुठली पट्टी?

गाणारा माणूस समोर येऊन बसला की पेटीवाला त्याचं नाव-गाव नंतर विचारतो, आधी विचारतो पट्टी, म्हणजे त्याचा षड्ज पेटीच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर. पुरुष असेल तर काळी एक, काळी दोन, फार तर पांढरी चार. बाई असेल तर बहुतेक काळी चार नाहीतर पाच. माझा सगळा जन्म या एका प्रश्नावर गेला. दादर स्टेशनच्या जिन्यावर कुणीतरी ओळखीचं हसतं, नाव काही केल्या आठवत नाही. पण हा काळी एकचा आणि तार षड्ज लावताना मान उजवीकडे टाकतो, एवढं पक्कं आठवतं.

आमचं घर कुडाळजवळच्या एका वाडीत. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर आणि गावच्या भजनाचे बुवा. आमच्याकडे बुवा स्वतःच पेटी वाजवतो, स्वतःच गातो, आणि डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, समोरच्या बुवाला टोमणे मारायचे तेही पेटीवरचा हात न काढता. पेटी साधीच होती, दोन सुरांची, खर्ज आणि नर. भात्याच्या कापडाला अण्णांनी धोतराचं ठिगळ लावलेलं. झाकणाच्या आतल्या बाजूला मात्र पेन्सिलीने लिहिलेली एक यादी होती. बाय आत्या – काळी पाच. मोठे काका – काळी दोन. आई – काळी चार, कंसात ‘सकाळी पांढरी पाच’. घरात जो जो गात असे त्याचं नाव आणि पुढे त्याची पट्टी. कुणाला विचारत बसायला नको, आणि नवरात्रात गर्दीत तर नकोच नको, म्हणून केलेली ही सोय. काही नावांपुढची पट्टी खोडून शेजारी दुसरी लिहिलेली असे. ती का खोडली, हे लहानपणी मी कधी विचारलं नाही.

अण्णांची खरी साथ चाले ती ट्रान्झिस्टरला. हे आता कुणाला सांगितलं तर गंमत वाटते. रेडिओवर तेव्हा शास्त्रीय गाण्याला सारंगी असे, तंबोरे असत, पेटी नसे. 1940 साली रेडिओने पेटीला स्टुडिओबाहेर काढलं ते 1971 पर्यंत. बाई विलायती, 1842 साली पॅरिसमध्ये देबँ नावाच्या कारागिराने पेटंट घेतलेली. हिच्यातून मींड निघत नाही, हिचे सूर खिळ्याने ठोकल्यासारखे जागच्या जागी, श्रुतींचा हिला पत्ता नाही, अशी सगळी फिर्याद. खुद्द रवींद्रनाथांनाही पेटी खपत नसे. फिर्याद खोटी होती असं मी पेटीवाला असूनही म्हणणार नाही. दरबारीचा गंधार गळ्यातून ऐकावा आणि मग पेटीवर ऐकावा, काय हरवतं ते कळतं. पण शिक्षा झाली ती वाद्याला, आणि उपास घडला तो पेटीवाल्यांना.

तर अण्णा संध्याकाळी ओटीवर ट्रान्झिस्टर ठेवायचे, गवयाचा षड्ज कानाने हुडकायचे आणि रेडिओत नसलेली पेटी स्वतः भरायचे. कधीकधी गवयाचा सूर नेमका दोन पट्ट्यांच्या मधे सापडायचा. मग अण्णा भाता मिटत, हात मांडीवर ठेवत, आणि तो गवई संपेपर्यंत त्याच्यावर मनापासून चिडून बसत. साथ म्हणजे काय याचा पहिला धडा मला तिथे मिळाला. समोरच्याला आपण आहोत हे ठाऊकसुद्धा नाही, तरी त्याच्यामागून अर्धं पाऊल चालायचं. पुढे बोरीच्या तुळशीदास बोरकरांची आणि आप्पा जळगांवकरांची पेटीची साथ पुढे बसून ऐकली तेव्हा तेच अर्धं पाऊल किती देखणं असू शकतं ते पाहिलं. गायक श्वास घेतो तेवढ्या फटीत त्याचाच शेवटचा शब्द उचलून परत त्याच्या हातात ठेवायचा. त्याच्या पुढे गेलात तर उद्धटपणा, फार मागे राहिलात तर ओझं.

वर्षअखेरीला घर भरायचं. मुंबईच्या शाळांना नाताळची सुट्टी लागली की चुलत-आते भावंडं रातराणीने यायची, पहाटे डोळे चोळत वाडीच्या फाट्यावर उतरायची. पुढे 1998 साली कोकण रेल्वे पुरती सुरू झाली आणि तीच मंडळी कुडाळ स्टेशनावर उतरू लागली, एवढाच फरक. आंब्याला मोहोर यायच्या बेतात असतो, सकाळी अंगणात शेकोटी, पेज, आणि रात्री कुठल्या तरी देवळात दशावतार. दशावतार नसेल त्या रात्री ओटीवर बैठक. ती अण्णांनी सुरू केली, आणि ते गेल्यावर पेटीपाशी मी बसू लागलो. तोवर मी डोंबिवलीत शिकवण्या घेत होतो, नाटकांना आणि मैफलींना साथ करत होतो, आणि स्केल चेंजर पेटी घेतली होती. तिच्यात पट्ट्यांचा सगळा संच खालच्या सुरांवरून डावी-उजवीकडे सरकतो. बोटं जिथल्या तिथे फिरतात आणि सूर मात्र चढतो किंवा उतरतो. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही.

याच न कळण्याचा मी वर्षानुवर्षं फायदा घेतला. बाय आत्या ‘स्वयंवर’ नाटकातलं एक पद म्हणायची, दरवर्षी तेच, आणि दरवर्षी काळी पाचातच म्हणते आहोत अशी तिची समजूत. एका वर्षी अंतऱ्याला तिच्या गळ्याची शीर ताठरलेली दिसली. पुढच्या वर्षी मी बोलता बोलता पेटी अर्धा स्वर खाली सरकवली. मग दर काही वर्षांनी आणखी. आवाज वयाबरोबर उतरतोच. गळा जाड होतो, दम कमी होतो, यात लाजण्यासारखं काही नाही. पण आत्याला ते मान्य नव्हतं. एकदा कुणीतरी म्हणालंच, की आत्या, पूर्वीची धार नाही राहिली. तर तिने माझ्याकडे बोट केलं, “पेटी चढली हा रे ह्याची. माझो आवाज खय उतारलो?” मी भाता मारत राहिलो. आईची सकाळची पांढरी पाच केव्हाच रात्रीचीही झाली होती. भाच्याचं उलटं. एका डिसेंबरात तो आत्याच्या बरोबरीने वर गायचा, पुढच्या डिसेंबरात आवाज फुटलेला, तोंड उघडायला तयार नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षी थेट काळी एकमध्ये, मोठ्या काकांच्याही खाली. घरात कोण किती म्हातारं झालं हे बाकीच्यांना केसांवरून कळतं. मला पेटी किती खाने सरकवावी लागते त्यावरून कळायचं, आणि ते मी कुणाला सांगत नसे.

आता अमेरिका. डिसेंबर म्हणजे इथला मैफलींचा हंगाम. पुण्यात 1953 पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव असतो, पाठोपाठ गावोगावचे छोटे उत्सव. एरवी तिकडच्या मराठी मंडळांचे दौरे वसंतात नाहीतर गणपतीनंतर होतात, घरची बैठक कधी चुकत नाही. एका वर्षी मात्र ज्या गायिकेला मी साथ करतो तिला नेमकं वर्षअखेरीचं बोलावणं आलं. आपल्या कलावंतांना तिकडे जायला पी-3 नावाचा व्हिसा लागतो, त्यासाठी अर्ज तिकडच्या संस्थेने करायचा, कला कशी परंपरेतली आहे याचे कागद जोडायचे. कागदांत माझ्या नावापुढे ‘हार्मोनियम’ लिहिलेलं पाहून मला रेडिओवाल्यांची आठवण झाली. त्यांनी विलायती म्हणून हाकललेली बाई आता भारतीय परंपरेची प्रतिनिधी म्हणून व्हिसा घेऊन पश्चिमेला निघाली होती.

न्यू जर्सीत गेल्यावर कळलं की तिकडेही हा आठवडा घर भरण्याचाच. दिवाळीला तिथे सगळ्यांना सुट्टी कुठली? दिवाळी उरकते शनिवार-रविवार बघून. सगळ्यांना एकदम रजा मिळते ती ख्रिसमस ते नववर्ष. मग टेक्ससमधली बहीण, कॅलिफोर्नियातला मुलगा, शिकागोचे दीर-जाऊ असे सगळे एका घरात, हॉलमध्ये गाद्या घातलेल्या, स्वयंपाकघरात पुरणपोळ्यांचा फ्रीजरमधून काढलेला ढीग, आणि बेसमेंटमध्ये घरगुती मैफल. बोलणं आमच्या ओटीवरचंच. कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीने कुठल्या मुलाशी ठरवलं.

बेसमेंट हे गाण्याच्या दृष्टीने वाईट ठिकाण. खाली गालिचा, वर ठेंगणं छत, सूर तोंडातून निघतो आणि तिथेच जिरतो. त्यात हीटिंग. बाहेर बर्फ आणि आत इतकी कोरडी हवा, की लाकूड आकसतं, सांधे सैल होतात, आणि भाता मारून हात दुखला तरी पेटी दम धरत नाही. माझी पेटी विमानातून गोधडीत गुंडाळून आली होती. खोका वाटेत कुणीतरी उघडून तपासला होता, आत छापील चिठ्ठी. पहिल्याच घरी पंचम मुका. झाकण काढलं, स्क्रू सोडवले, टॉर्च पेटवून पाहिलं तर सुराच्या पितळी पातीखाली गोधडीतला कापसाचा धागा अडकलेला. यजमानांकडून पातळ कागद घेतला, पातीखालून अलगद फिरवला, एकदा फुंकलं, पंचम बोलला. यजमानांनी वरच्या मजल्यावरचा ह्युमिडिफायर आणून पेटीशेजारी ठेवला. त्यांच्या नातवासाठी आणलेला होता, निळ्या हत्तीच्या आकाराचा. पुढचे तीन तास त्या हत्तीच्या सोंडेतून माझ्या पेटीवर वाफ येत होती.

आणखी एक गोष्ट तिकडे छळते, ती बहुधा फक्त पेटीवाल्यांना आणि तंबोरे लावणाऱ्यांना. साउंड सिस्टीममधून विजेची बारीक घुमघुम येत राहते. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, तिची घुम पांढरी पाचच्या जरा वर बसते. जन्मभर ऐकून कान तिला सरावले. तिकडे 60. ही घुम काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधे, कुठल्याच पट्टीत नाही. अण्णा असते तर भाता मिटून बसले असते. मी एक वायर बदलून मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला घरचा व्हिडिओ कॉल. कुडाळात रात्रीचे साडेआठ. ओटीवर सगळे बसलेले, आणि अण्णांच्या जुन्या पेटीपाशी भाचा. तो नुकता शिकू लागला होता, दोनतीनच पट्ट्यांतून हात फिरायचा. आत्या म्हणाली, तूही वाजव तिथून, तुझ्याशिवाय मला सुचत नाही. मी पेटी पुढे ओढली. पण साथीचं सगळं गणित त्या अर्ध्या पावलावर, आणि फोनला तेवढं पाऊल पेलत नाही. तिचा सूर माझ्यापर्यंत उशिरा येणार, माझा तिच्यापर्यंत त्याहून उशिरा. ती माझ्यासाठी थांबायची, मी तिच्यासाठी. दोन ओळींत दोघंही उभे. मी हात काढून घेतला आणि म्हटलं, तुम्ही म्हणा, मी ऐकतो.

भाच्याने विचारलं, “आजी, कुठली पट्टी?” आत्या म्हणाली, “काळी पाच. विचारतस काय?” त्याने बिचाऱ्याने काळी पाच दिली. सरळ, प्रामाणिक काळी पाच, जी तिने कितीतरी वर्षांत ऐकलेली नव्हती. मुखडा कसाबसा झाला. अंतऱ्याला ती वर गेली आणि आवाज मधेच तुटला. ओटीवर कुणी बोलेना. मी न्यू जर्सीतून ओरडलो, “अरे खाली उतर, काळी तीन दे तिला, काळी तीन!” आणि हे बोलून गेल्यावर आत्याचा चेहरा स्क्रीनच्या जवळ आला, इतका की फक्त चष्मा दिसत होता.

“म्हणजे इतकी वर्सां तू माका फसवत होतस?”

मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? मला अजूनही त्यात काही गैर वाटत नाही. साथीदाराने गाणाऱ्याला सांभाळायचं असतं, आणि सांभाळलेलं बोलून दाखवायचं नसतं. आत्याचं मत वेगळं आहे. तिच्या मते गाणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत हे माहीत हवं. या विषयावर आमचं अजून जमलेलं नाही. त्या रात्री ती पुन्हा गायली, काळी तीनमध्ये, आणि भाच्याला काळी तीन नीट येत नसल्यामुळे जवळजवळ साथीशिवायच गायली. छान गायली.

पुढच्या वर्षी मी घरी होतो. बसायच्या आधीच आत्याने फर्मान काढलं, की यंदापासून ज्याने त्याने स्वतःची खरी पट्टी सगळ्यांसमोर सांगायची, पेटीवाल्याने मनाने सरकवायची नाही. भाचा पेन्सिल घेऊन अण्णांच्या झाकणापाशी बसला. आत्याने स्वतःच काळी पाचवर रेघ मारायला लावली. आईने सांगितलं, पांढरी चार, आणि जेवण झाल्यावर त्याहून खाली. वहिनी आजवर कधी गायल्या नव्हत्या, तरी त्यांनीही नाव लिहवून घेतलं.

मोठे काका मात्र ऐकेनात. वय पंचाहत्तरीच्या पुढे, दात नवे बसवलेले, आणि पट्टी? “काळी दोन. लिवलेली हा ना? मग तीच.” मी पेटीकडे हात नेला तर आत्या डोळे वटारून बघत होती. काळी दोनच दिली. काकांनी अभंग धरला. ध्रुवपद निभावलं, पहिलं कडवं निभावलं, दुसऱ्याला वरचा षड्ज आला तसा त्यांनी उजवा हात उंच केला, डोळे मिटले, तोंड मोठं उघडलं आणि आवाज काही काढलाच नाही. त्या जागी आम्ही सगळे ओरडलो: आत्या, आई, भाचा, दारात उभी असलेली शेजारची पोरंसुद्धा. काकांनी हात खाली घेतला, डोळे उघडले आणि माझ्याकडे वळून विचारलं, “सूर लागलो मां?”