बिनकामाचा प्रवास

यात्रा, वारी, देशाटन, सफर, सहल, पर्यटन, स्थलांतर. घराबाहेर पडण्यासाठी मराठीत शब्दांची उणीव नाही. मात्र यांतील बहुतेक शब्द आपल्यासोबत एक कारण घेऊनच येतात. यात्रेला दैवत लागते, वारीला नेम लागतो, देशाटनातून चातुर्य यावे अशी अपेक्षा असते आणि स्थलांतराच्या पाठीशी पोट असते. नुसते जावे, पाहावे आणि परत यावे, याला आपण सहल म्हणतो. पण सहल म्हटली की डोळ्यांसमोर येते ती शाळेची, डबा बांधून नेलेली, संध्याकाळी परत आणून सोडणारी. अठरा दिवसांची, सहा ठिकाणांची आणि नऊ विमानांची सहल असू शकते, हे आम्हांला निवृत्तीनंतर कळले.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे. अंबाजोगाईत राहून दोघांनीही आयुष्यभर महाविद्यालयात मराठी शिकविले. मुलगा कॅलिफोर्नियात नोकरी करतो. येत्या ऑक्टोबरात आम्ही अमेरिकेला यावे, महिनाभर त्याच्याकडे राहावे आणि त्याआधी अठरा दिवस त्याच्यासोबत देश पाहावा, अशी त्याची इच्छा. त्याने एक तक्ता तयार करून पाठविला. तारीख, विमानाची वेळ, हॉटेल, पाहण्याची ठिकाणे, असे रकाने. न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन, ऑरलँडो, लास वेगास आणि तिथून ग्रँड कॅन्यन, शेवटी सॅन फ्रान्सिस्को. जाताना न्यूयॉर्कला उतरायचे आणि परतताना सॅन फ्रान्सिस्कोहून निघायचे, म्हणजे एवढा मोठा देश उलटा ओलांडावा लागत नाही. हा हिशेब आम्हांला आवडला. पंढरीला एका वाटेने जाऊन दुसऱ्या वाटेने परतणारे लोक आमच्या ओळखीचे आहेत.

तक्त्यात एक रकाना मात्र आम्हांला नवा होता. त्याचे नाव 'लाउंज'. कोणत्या विमानतळावर कोणत्या कार्डावर आत जाता येईल, कार्डधारक सोबत असल्याशिवाय पाहुण्यांना प्रवेश मिळतो की नाही, किती तास बसता येते, जेवण आहे की नुसता चहा, हे सारे त्याने बारकाईने लिहिले होते. ज्याने लहानपणी परळीच्या फलाटावर आमच्या मांडीवर डोके ठेवून गाडीची वाट पाहिली, त्याला आईवडिलांनी कुठेही ताटकळू नये असे वाटते. त्या रकान्यात आम्हांला त्याची माया दिसली. पण या व्यवस्थेचा इतिहास पाहू गेलो तेव्हा कळले की, अशी पहिली खोली १९३९ साली न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने उघडली आणि तिथे प्रवेश निमंत्रितांनाच होता. म्हणजे ती खोली आरामासाठी होती तशीच निवडीसाठीही होती. बाहेर कोण थांबणार, हे ठरल्याशिवाय आत कोण बसणार हे ठरत नाही.

तक्ता वाचून संपल्यावर दोघांच्याही मनात एकच प्रश्न आला, आणि तो अध्यापनाच्या सवयीतून आला असावा. आम्ही ज्या अमेरिकेविषयी वर्षानुवर्षे वर्गात बोललो, तिच्यातले एकही ठिकाण या तक्त्यात नव्हते.

मराठी वाचकाची एक अमेरिका आहे. ती १८८३ साली सुरू होते. त्या वर्षी एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनच्या प्रारंभी न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये त्यांनी पदवी घेतली. त्या सोहळ्यासाठी इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या आणि अडीच वर्षांहून अधिक काळ त्या देशात राहिल्या, गावोगाव बोलत हिंडल्या. त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' १८८९ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९०६ मध्ये श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेल विद्यापीठात गेले. ज्ञानकोशकार होण्याच्या कितीतरी आधी, १९०९ साली, जातिसंस्थेच्या इतिहासावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक तिथे, इथाका या गावी निघाले. आणि १९१३ च्या जुलैमध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचले. मे १९१६ मध्ये त्यांनी तिथल्या चर्चासत्रात जातींच्या उगमावर निबंध वाचला. त्यात पूर्वीच्या अभ्यासकांच्या व्याख्या तपासताना केतकरांच्या व्याख्येचाही परामर्श घेतलेला आहे. दोन मराठी माणसे, एकाच अमेरिकन राज्यातली दोन विद्यापीठे, सात वर्षांचे अंतर आणि विषय एकच: मागे सोडून आलेले घर. मराठी वैचारिक वाङ्मयाचा विद्यार्थी इथाका आणि कोलंबिया यांच्यामधली वाट पाहू इच्छितो, यात नवल ते काय?

आणखी एक ठिकाण आहे. आनंदीबाई परत आल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात वारल्या. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी थिओडोशिया कार्पेंटर यांच्याकडे अमेरिकेला पाठविल्या. ज्या बाईंनी पत्रांतून ओळख झालेल्या परक्या मुलीला आपल्या घरी ठेवून घेतले, त्या ह्या कार्पेंटरबाई. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या अस्थी विसावल्या आहेत. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकातून हडसन नदीच्या काठाकाठाने रेल्वे जाते. जाताना डावीकडे बसले की नदी सोबत राहते आणि दोन तासांच्या आत पोकीप्सी येते. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही १९६८ ची कादंबरी आम्ही कितीदा शिकविली. पण कादंबरीतल्या नायिकेच्या अस्थी जिथे आहेत तिथे रेल्वेने जाता येते, हे वर्गात कधी कोणाच्या मनात आले नव्हते.

अंबाजोगाईच्या माणसाला समाधीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. आमच्या गावी लोक येतात ते मुख्यतः योगेश्वरीच्या दर्शनाला; ती कोकणातल्या अनेक घराण्यांची कुलस्वामिनी. त्यांतले काही वाट वाकडी करून मुकुंदराजांच्या समाधीपर्यंत जातात, दासोपंतांची पासोडी पाहायला मिळेल का म्हणून विचारतात. दगडाच्या एका ओट्यापुढे ही माणसे काय पाहतात, असे एखाद्या तिऱ्हाइताला वाटेल. ती पाहत नाहीत, ती पोच देत असतात. जे मिळाले ते मिळाले, एवढे सांगायला ती आलेली असतात.

हा विचार आम्ही मुलाला कळविला. ऑरलँडो आणि वॉशिंग्टन गाळून पोकीप्सी, फिलाडेल्फिया आणि इथाका घालावे, असे सुचविले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "आई, बाबा, ही काही सुट्टी नाही. तुम्ही पुन्हा कामालाच निघालात."

या वाक्याने आम्हांला पुष्कळ दिवस पुरेल एवढा विचार दिला. कारण वर सांगितलेल्यांपैकी खरोखरच एकही जण सुट्टीवर गेला नव्हता. आनंदीबाईंच्या प्रवासाचा खर्च अंगावरचे दागिने विकून उभा राहिला होता. रमाबाई व्याख्याने देत फिरल्या त्या इकडच्या विधवांसाठी शाळा काढावयाची म्हणून. बोस्टनला त्यासाठी संस्था स्थापन झाली, १८८८ च्या अखेरीस त्या सॅन फ्रान्सिस्कोहून जपानमार्गे निघाल्या आणि मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडले. आंबेडकर गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. निघण्यापूर्वी त्यांना करार करून द्यावा लागला होता, शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करीन असा.

आमच्या जिल्ह्यात अशा कराराला एक साधा शब्द आहे: उचल. दोन्हींची तुलना करणे धार्ष्ट्याचे ठरेल, हे आम्ही जाणतो. एकाच्या टोकाला ग्रंथालय होते, दुसऱ्याच्या टोकाला उसाचा फड असतो. पण आधी पैसा घ्यायचा आणि मग अंगमेहनतीने तो फेडायला दूर जायचे, ही रीत बीड जिल्ह्याला चांगली परिचयाची आहे. दसरा झाला की गावोगावची माणसे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून जी जोडी, तिला 'कोयता' म्हणतात. मोजदाद कोयत्यांची होते, माणसांची नव्हे. कोणत्या कारखान्याला जायचे, कोणत्या फडात उतरायचे, कोपी कुठे बांधायची, हे त्यांचे त्यांना ठरविता येत नाही. त्यांचा तक्ता मुकादम करतो. दिवाळीनंतर आमचे वर्ग अर्धे रिकामे दिसत. हजेरीपटावर ज्यांच्या नावापुढे महिनोन्महिने रेघा पडल्या, ती मुले आईबापांच्या सोबत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेलेली असत किंवा घरी धाकट्यांना आणि म्हाताऱ्यांना सांभाळत असत.

मुलाने ऑक्टोबर निवडला आहे, कारण त्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या झाडांची पाने लाल-पिवळी होतात. आमच्या तिकिटांवर 'दोन प्रौढ' असे छापलेले असेल. त्याच दिवसांत आमच्या घरासमोरच्या रस्त्याने कोयते निघालेले असतील. या योगायोगातून अपराधाची भावना काढून दाखविणे सोपे आहे, आणि मराठी ललित निबंधात ती पुष्कळदा काढलीही जाते. आम्हांला तसे करावयाचे नाही. तिने ट्रॉलीतल्या कोणाचेही ओझे हलके होत नाही. आम्हांला एवढेच नोंदवावेसे वाटते की, आपला प्रवास आपण आखावा ही चैन आहे; आणि ती लाउंजातल्या खुर्चीपेक्षा मोठी चैन आहे. आमच्या जिल्ह्याला तर साधी रेल्वेसुद्धा सहजी लाभली नाही. परळीला गाडी पूर्वीपासून होती. पण खुद्द बीड शहरात पहिली प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी. ज्या रेल्वेमार्गाच्या मंजुरीची बातमी आम्ही नोकरीत असताना १९९५ च्या सुमारास वाचली, त्यावरची गाडी आम्ही निवृत्तीनंतर पाहिली.

मुलाचे म्हणणे या सगळ्याच्या पलीकडचे होते. पुढच्या वेळच्या बोलण्यात त्याने ते नीट मांडले. तो म्हणाला, "त्या सगळ्यांना काम होतं म्हणून जावं लागलं. तुम्हांला काम नसताना जाता येतंय, हेच तर त्यांच्या कामाचं फळ. ते घ्यायला तुम्ही का लाजता?"

आम्ही दोघांनी जन्मभर विद्यार्थ्यांची उत्तरे तपासली आहेत. या उत्तराला पूर्ण गुण द्यावे लागतात. आमच्या पिढीचा स्वभाव असा की, निरुद्देश सुखाला आम्ही लगेच उद्देश जोडतो. काश्मीरला गेलो तर वाटेत वैष्णोदेवी करतो, गोव्याला गेलो तर मंगेशीला जाऊन येतो, म्हणजे खर्च सार्थकी लागतो. पोकीप्सीचा आमचा हट्ट हाही त्याच जातीचा होता काय? काही अंशी असावा. पण सगळाच तसा नव्हता. आमची पदवीपत्रे ज्या विद्यापीठाची आहेत त्याला १९९४ पासून बाबासाहेबांचे नाव आहे, आणि त्या नावासाठी मराठवाड्याने काय पाहिले हे आम्ही विसरलेलो नाही. आमच्यापैकी एक स्त्री आहे, शिकली आणि जन्मभर तिने शिकविले. अशा दोघांनी न्यूयॉर्कला जावे आणि कोलंबियाच्या पायऱ्या न चढता, आनंदीबाईंच्या दगडापुढे उभे न राहता परत यावे, तर सुट्टी होईल. पण ती आमची होणार नाही, कोणाचीही होईल.

तेव्हा तक्ता तिसऱ्यांदा झाला. वॉशिंग्टन आणि ऑरलँडो गेले. न्यूयॉर्कला पाच दिवस: त्यांत एक दिवस कोलंबियाचा, एक पोकीप्सीचा, एक रेल्वेने फिलाडेल्फियाला जाऊन येण्याचा. तिथून मोटारीने इथाका, मग नायगारा. बफेलोहून मध्ये एकदा विमान बदलून लास वेगास, तिथून ग्रँड कॅन्यन आणि अखेर सॅन फ्रान्सिस्को. जिथे रमाबाईंनी अमेरिका सोडली तिथूनच आम्हीही सोडणार. नवांची विमाने सात झाली. गुडघ्यांसाठी विमानतळावरील चाकाची खुर्ची आम्ही मागून ठेवली आहे; तिच्याविषयी मात्र चर्चा झाली नाही. लाउंजचा रकाना त्याने तसाच ठेवला आणि आम्ही राहू दिला.

ग्रँड कॅन्यनचे दोन दिवस आम्ही हट्टाने मोकळे सोडावयास लावले आहेत. त्या दरीविषयी आम्ही वर्गात कधी काही शिकविलेले नाही. तिथे आमचे कोणी गेले होते की नाही, हे शोधण्याचा मोह आम्ही आवरला आहे. तिच्याकडून आम्हांला काही घ्यावयाचे नाही, तिला काही परत द्यावयाचे नाही. कठड्याशी दोघांनी बसावे आणि ऊन खडकावरून कसे उतरते ते पाहावे, एवढेच. मुलगा म्हणतो की, त्यासाठी पहाटे लवकर उठावे लागेल. त्याची आम्हांला सवय आहे.

व्हिसाची मुलाखत मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत, सकाळची आहे. लातूरहून रात्रीची गाडी धरावी लागेल. अर्जात प्रवासाचा हेतू विचारला होता. तिथे आम्ही पर्यटन असे लिहिले आहे.