वेण्यांचा हिशेब

मार्गशीर्ष लागला कीं मुरबाडकडील आमच्या आजोळीं पहांटेची थंडी चांगलीच बोचूं लागते. मागें माळशेजचा डोंगर, पुढें उघडीं शेतें, आणि आजोबांची बाज ओटीवर. घोंगडीवांचून दुसरें कांहीं लोकरीचें त्यांनीं अंगावर घेतल्याचें आम्हांस आठवत नाहीं. ती घोंगडीही म्हशाच्या यात्रेंत पौषी पौर्णिमेला घेतलेली, चिंचोक्याच्या खळीनें ताठ झालेली. परंतु गेल्या वर्षीं त्यांचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना. घोंगडी सारखी घसरे, आणि ती सांवरावयास कोणास हांक मारणें त्यांच्या स्वभावांत नाहीं. म्हणून शहापुरास परत येतांच त्यांच्यासाठीं स्वेटर विणण्याचें आम्हीं ठरविलें.

आत्याबाईंच्या पेटींत विणकामाचें एक इंग्रजी पुस्तक होतें. त्यांत आयर्लंडनजीकच्या अॅरन बेटांच्या धर्तीचा एक स्वेटर दिला होता: मध्यें शंकरपाळ्यांची रांग, दोहों बाजूंस जाड वेण्या, कडेला साबुदाण्यासारखी खरबरीत वीण. त्या बेटांवर घराघराची वीण निराळी असे व तीवरून बुडालेला कोळी ओळखीत, असेंही त्यांत लिहिलें होतें. ही गोष्ट खरी नव्हे, हें आम्हीं मागाहून वाचलें. सिंज नांवाच्या नाटककाराच्या १९०४ सालीं रंगभूमीवर आलेल्या एका नाटकांत बुडालेल्या भावाचा पायमोजा बहीण आपण घातलेल्या टाक्यांवरून ओळखते. ही समजूत बहुधा तेथूनच निघाली. पण आम्ही तेव्हां त्या चित्रावर भाळलों होतों. त्यांतील एकही वेणी सोडावयाची नाहीं, असा आमचा निश्चय!

पुस्तकांतील लोकर बारीक. इंचाला सहा टाके. आम्हांस बाजारांत मिळाली ती जाड. तिचे इंचाला पांचच पडत. घेर ३४ इंच धरला, तर पुस्तकाचे २०४ टाके आमच्या लोकरीनें जवळजवळ ४१ इंच भरले असते. म्हणून आम्हीं पाठ व पुढा मिळून १७० टाके घेतले आणि आपल्या गणितावर बेहद्द खूष झालों. एक महिना खपून दोन्ही तुकडे चौदा चौदा इंच झाले. जोडून पाहतों तों घेर २९ इंच!

वाचकांनीं हंसूं नये. वेणी घालतांना तीन टाके निराळ्या सुईवर घेऊन पुढच्या तिहींवरून ओलांडावे लागतात, त्यामुळें कापड आंवळतें. आम्हीं मोजलेला नमुना साध्या विणीचा होता, वेण्यांचा नव्हे.

आतां टाके वाढवून पुन्हा आरंभ करावा, अशा विचारांत होतों, तों आत्याबाईंनीं विचारलें, "अग, पण ते हा घालणार कसे? डोक्यावरून घालावयास हात वर नको का जायला?"

आम्ही गप्प झालों. महिनाभर वेण्या मोजल्या, आणि ज्या खांद्यासाठीं हा खटाटोप, तोच आमच्या हिशेबांत नव्हता.

सगळें उसविलें. वेडीवांकडी झालेली लोकर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी केल्या, कोमट पाण्यांत धुतल्या आणि खालीं तांब्या अडकवून वाळत टांगल्या. धागा पुष्कळसा सरळ झाला.

दुसरा स्वेटर पुढून उघडा केला. त्यामुळें मधलीं शंकरपाळीं गेलीं. तेथें बटणांची पट्टी आली. पाठीवरच्या वेण्या काढल्या, कारण बाजेवर पडल्यावर त्या रुतल्या असत्या. उजवा मुंढा दोन इंच खोल ठेवला, बाही सैल केली, बटणें मोठीं लावलीं. पुढच्या अंगास मात्र एकेक वेणी राहूं दिली, आणि या खेपेस नमुना वेणीसकट विणून मोजला. खरें सांगावयाचें तर दर ओळीला त्या गेलेल्या वेण्या डोळ्यांपुढें येत. शेवटीं खिशावर एक शंकरपाळें घातलेंच. तेवढा आमचा हट्ट.

पौषांत आम्ही तो घेऊन गेलों. आजोबांनीं प्रथम दुखरा हात बाहींत सारला, मग दुसरा, आणि बटणें स्वतः लावलीं. कोणी हात लावूं गेलें तर रागावले. मग खिसा चाचपून त्यांत तंबाखूची चंची कोंबली. ती तेथेंच असते. शंकरपाळें ताणून पार वांकडें झालें आहे.