जुन्या इंजिनाला तेलाचा डबा

शेतकरी बंधूंनो, आमच्यासारखी जुनी पेट्रोल जीप तुमच्याही दारात असेल, तर हे वाचाच. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळका वायू खाली चेंबरमध्ये उतरतो आणि तेलाचे बारीक तुषार घेऊन ब्रीदरच्या नळीने बाहेर पडतो. नळी एअर क्लीनरला जोडलेली असेल, तर तेच तेल इंजिनात जाऊन काजळी धरते.

आम्ही मधे एक डबा बसवला. आत तारेची जाळी आहे. तेल तिला चिकटून तळाशी ठिबकते, हवा पुढे जाते. डबा सायलेन्सरपासून लांब आवळावा. नळी तेल सोसणारी घ्यावी, दुमडू देऊ नये. ब्रीदरला बोळा मात्र कधीच कोंबू नका. कोंडलेला वायू सील फोडून तेल बाहेर काढतो.

साचलेल्या तेलात पाणी नि पेट्रोल मिसळलेले असते. ते इंजिनात परत घालू नका, शेतातही ओतू नका.

डब्याने रिंगा सुधारत नाहीत, पण झीज कळते. आमचा मुलगा दर रविवारी डबा रिकामा करून माप वहीत लिहितो. माप वाढत चालले आहे, म्हणून उसाचे पैसे येताच इंजिन उघडायचे आम्ही ठरवले आहे. भरल्या गाडीने बाजाराच्या वाटेवर अडण्यापेक्षा ते बरे, नाही का?