मानधन मागणे ही चळवळीशी गद्दारी नव्हे !

आंबेडकरी तरुणाला लिहिता येते, हे आता कोणी नाकारत नाही. आमच्या लिखाणाला जागाही मिळते. नाकारला जातो तो फक्त मोबदला. आणि हा नकार इतक्या गोड शब्दांत दिला जातो की ऐकणाऱ्याला तो सन्मानच वाटावा.

आम्ही पाच-सहा जण मराठवाड्याच्या वेगवेगळ्या तालुक्यांतून शिकायला औरंगाबादला आलो. कोणी एम.ए. करतो, कोणी नेट-सेटच्या तयारीत आहे, कोणी तासिका तत्त्वावर शिकवतो. सगळे लिहितो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमचे फोन वाजू लागतात. "जयंती विशेष पुरवणी काढतोय. बाबासाहेब आणि शेती या विषयावर आठशे शब्द पाहिजेत. परवापर्यंत द्या, फोटो पण पाठवा." आम्ही विचारतो, "मानधन किती?" पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर येते, "अहो, बाबासाहेबांवर लिहायचे आणि पैसे मागायचे?"

त्याच पुरवणीत आमच्या लेखाच्या खाली आमदाराची, नगरसेवकाची, बिल्डरची अभिवादनाची जाहिरात असते. ती फुकट छापलेली नसते. कागदवाल्याला पैसे मिळतात, छपाईवाल्याला मिळतात, जाहिरात आणणाऱ्याला कमिशन मिळते, गठ्ठे वाटणाऱ्या पोराला मिळतात. बाबासाहेबांच्या नावाने सगळ्यांनी पैसे घेतले तर चालतात, फक्त ज्याने लेख लिहिला त्याने घेतले की भक्ती कमी पडते ! हा कुठला न्याय ?

लक्षात घ्या, आमच्या समाजाकडून काम करून घ्यायचे, मोबदला द्यायचा नाही, आणि वर "हा तुमचा मान आहे" असे सांगायचे, ही पद्धत नवी नाही. तिचे जुने नाव महार वतन. वतनदार महार हा सरकारचा चोवीस तासांचा नोकर. हाळी आली की उठायचे. तो घरी नसेल तर त्याच्या बापाने किंवा घरच्या कोणीतरी जायचे. बदल्यात काय, तर हाडकी-हाडवळ्याचा तुकडा, गावाचे बलुते आणि सरकारी तिजोरीतून नावापुरती रक्कम. तरीही त्याला "वतन" म्हणायचे आणि वतनाचा अभिमान बाळगायचा ! बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडले. कामाचे स्वरूप निश्चित करा, त्याचा रोख मोबदला द्या, आणि ज्याला ही चाकरी नको त्याला पूर्ण सारा घेऊन जमीन द्या व मोकळे करा, हा त्यामागचा विचार होता. महार वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले. वतन गेले, पण हाळी देण्याची सवय गेली नाही. "परवापर्यंत लेख द्या" ही आजची हाळी आहे.

यावर आमचेच काही ज्येष्ठ म्हणतात, "बाबासाहेबांनी मूकनायक काढला तो पैशासाठी काढला काय ?" नाही काढला. पण तो इतिहास नीट वाचला पाहिजे. मूकनायकाचा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला, तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. प्रस्थापित वृत्तपत्राने या पाक्षिकाची जाहिरात पैसे देऊ केले तरी छापली नाही. पुढे ३ एप्रिल १९२७ ला बहिष्कृत भारत निघाले, त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहून काढत. तेही विनामोबदला. पण कोणासाठी ? ज्या पत्राला जाहिरात नव्हती, भांडवल नव्हते, ज्याचा वर्गणीदार स्वतः अर्धपोटी होता, त्या आपल्या पत्रासाठी. ते श्रम म्हणजे समाजाला दिलेली वर्गणी होती. तिचा दाखला देऊन आज जाहिरातींवर चालणाऱ्या धंद्याने आमच्याकडून फुकट लेख उकळावेत, हा बाबासाहेबांच्या त्यागाचा गैरवापर आहे.

म्हणून आम्ही आमच्यापुरता एक नियम केला आहे. जिथे संपादकालाही पगार नाही, अंक खिशातल्या पैशाने निघतो, तिथे आम्ही फुकट लिहू, वर वर्गणीही देऊ. जिथे संपादकाला पगार आहे, जाहिरातीचा दर ठरलेला आहे, तिथे लेखाचाही दर असला पाहिजे. नियम एवढाच आहे आणि तो सगळ्यांना लागू आहे. समोरचा माणूस आपल्या जातीचा आहे की परक्या, पुरोगामी आहे की प्रतिगामी, याने त्यात फरक पडत नाही.

हा प्रश्न फक्त पोटाचा असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. हा प्रतिनिधित्वाचाही प्रश्न आहे. १९९६ साली बी. एन. उनियाल यांनी 'द पायोनियर'मध्ये लेख लिहून सांगितले की, एका परदेशी पत्रकाराने विचारल्यावर त्यांनी दिल्लीत दलित पत्रकार शोधला आणि त्यांना एकही सापडला नाही. त्यानंतर २३ वर्षांनी, २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्रीचा अहवाल आला. त्यांनी तपासलेल्या माध्यमांमधील नेतृत्वाच्या १२१ पदांपैकी १०६ पदांवर सवर्ण होते. अनुसूचित जाती-जमातीचा एकही नव्हता.

याचे कारण फक्त द्वेष आहे काय ? द्वेष आहेच, पण हिशेबही आहे. पहिली दोन-तीन वर्षे फुकट लिहा, नाव होईल, मग बघू, असे सांगितले जाते. ज्याच्या घरी बापाचा पगार किंवा पेन्शन येते, तो ही तीन वर्षे काढतो. ज्याला मेसचे बिल द्यायचे आहे आणि गावी आईच्या औषधाला पैसे पाठवायचे आहेत, तो सहा महिन्यांत लेखन सोडून खाजगी कंपनीच्या नाईट शिफ्टला जातो. कोणी त्याला हाकलत नाही. तो आपोआप गळतो. मग परिसंवादात विचारले जाते, "तुमच्यातून लेखक पुढे का येत नाहीत ?" फुकट लेखन हीच ती चाळणी आहे.

अण्णाभाऊ साठे आठवा. 'फकिरा' १९५९ साली आली, त्याला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, त्यावर चित्रपट निघाला. अण्णाभाऊंचे साहित्य परदेशी भाषांत गेले. आणि हा लेखक आयुष्याची कित्येक वर्षे घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहिला. पुतळे आणि जयंत्या नंतर आल्या. लेखकाला जिवंतपणी त्याच्या शब्दाचे दाम मिळाले पाहिजे, हे अण्णाभाऊंच्या आयुष्यातून शिकायचे नाही तर कुठून शिकायचे ?

आता करायचे काय, ते सांगतो. नुसते प्रस्थापितांना शिव्या देऊन मानधन मिळत नाही.

पहिली गोष्ट, फोनची वाट पाहू नका. चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबर सोडून जे तीनशे त्रेसष्ट दिवस उरतात, त्या दिवसांसाठी विषय घेऊन आपण स्वतः संपादकाकडे गेले पाहिजे. आणि जातीवरच लिहायचे, हे बंधन कोणी घालत असेल तर ते झुगारा. बाबासाहेबांनी १९१८ साली शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पीकविमा, पाणी, परीक्षा, सिनेमा, क्रिकेट, जे तुम्हाला कळते ते सगळे तुमचे आहे.

दुसरी गोष्ट, आधी पूर्ण लेख पाठवू नका, प्रस्ताव पाठवा. तो पंधरा ओळींच्या वर जाऊ नये. विषय काय, त्यात नवे काय, आत्ताच का छापायचे, कोणाला भेटणार, कोणती कागदपत्रे दाखवणार, किती शब्द आणि किती दिवसांत. खाली आधी छापून आलेल्या दोन लेखांचे दुवे. "शिष्यवृत्तीची समस्या" हा विषय नव्हे. "शिष्यवृत्ती उशिरा आली की विद्यार्थी मेसची उधारी कशी फेडतो, चार विद्यार्थ्यांच्या वह्या आणि माहिती अधिकारातले उत्तर" हा विषय आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही दहा रुपये माफ. मोठ्या पत्रकाराला जे शोधायला चार दिवस लागतील ते आपल्या वस्तीत, वसतिगृहात, नाक्यावर आपल्याला रोज दिसते. हे आपले भांडवल आहे, ते मातीमोल विकू नका.

तिसरी गोष्ट, दारे बरीच आहेत. मराठी दैनिकांची संपादकीय पाने, साप्ताहिके, दिवाळी अंक यांना विचारा. आकाशवाणीवरच्या भाषणाला आणि संहितेला मानधन असते. इंग्रजीत कॅरव्हान, स्क्रोल, न्यूजलाँड्री यांसारखी प्रकाशने बाहेरच्या पत्रकारांचे काम पैसे देऊन घेतात. नॅशनल फाउंडेशन फॉर इंडियासारख्या संस्था स्वतंत्र पत्रकारांना अभ्यासवृत्ती देतात. पुस्तकाचे हस्तलिखित तयार असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. इंग्रजी बरे असेल तर अनुवाद करा, त्यात शब्दामागे दर ठरतो. इंग्रजी कच्चे असेल तर आपल्यातल्याच एकाला सोबत घ्या आणि दोघांच्या नावाने लिहा.

चौथी गोष्ट, लिहायला बसण्याआधी चार प्रश्न ईमेलवर विचारा. मानधन किती ? प्रसिद्धीनंतर किती दिवसांत ? लेख मागवून छापला नाही तर काय ? हक्क कोणाकडे ? फोनवरचे बोलणे नंतर कोणाला आठवत नाही, लिहिलेले राहते. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे नोकरीत नसलेला लेखक हाच आपल्या लेखाचा पहिला मालक असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. म्हणून "सर्व हक्क कायमस्वरूपी" असे लिहिलेल्या कागदावर सही करण्याआधी दहा वेळा विचार करा. उद्या तुमचे पुस्तक निघणार आहे, त्यात तुमचाच लेख घ्यायला परवानगी मागावी लागू नये.

पाचवी गोष्ट, हिशेब ठेवा. पॅन आणि बँक खात्याचा तपशील घालून साधे बिल करा. मानधनातून दहा टक्के टीडीएस कापला गेला तर घाबरू नका, ते पैसे बुडालेले नसतात. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून परत मिळतात. आम्ही सगळ्यांनी मिळून एक वही ठेवली आहे. कोणाला, कधी, किती शब्द दिले, किती कबूल झाले, किती आले, हे त्यात लिहितो. थकलेल्या पैशासाठी दर पंधरा दिवसांनी नम्रपणे आठवण करतो, आणि जिथून आठवणीलाही उत्तर येत नाही त्या नावासमोर खूण करतो. नवीन पोरगा आला की आधी त्याच्या हातात ती वही देतो. दुकानदार उधारीची वही ठेवतो, त्यात कोणाला लाज वाटत नाही. आम्हाला का वाटावी ?

आता सापळ्यांबद्दल. जो लेखनाचे काम देण्यासाठी तुमच्याकडूनच नोंदणी फी किंवा डिपॉझिट मागतो, तो काम देणारा नाही, फसवणारा आहे. "प्रातिनिधिक काव्यसंग्रहा"साठी कवीकडूनच हजार रुपये घेणारे आणि "राज्यस्तरीय साहित्यरत्न पुरस्कार" देऊन शाल-श्रीफळाचा खर्च आपल्यालाच मागणारे गावोगावी फिरत आहेत. आमच्या मुलींना आणि मुलांना मानाची भूक आहे, कारण पिढ्यानपिढ्या तो मिळाला नाही. ही भूक ओळखूनच हा बाजार भरतो. विकत घेतलेल्या पुरस्काराने लेखक होत नाही. तेच हजार रुपये ग्रंथ विकत घ्यायला वापरा.

कोणी म्हणेल, पैसे घेतले की लेखणी विकली जाते. आमचे म्हणणे उलट आहे. ज्याचे पोट लेखणीच्या रास्त दामावर चालते, त्याला पुढाऱ्याचे गौरवग्रंथ लिहून जगावे लागत नाही. उपाशी लेखक लवकर विकला जातो, हे आपण निवडणुकीच्या हंगामात दरवर्षी पाहतो. मत बदलण्यासाठी घेतलेले पैसे ही लाच. केलेल्या श्रमासाठी घेतलेले पैसे ही मजुरी. सफाई कामगाराच्या किमान वेतनासाठी मोर्चा काढणारे आपण लेखकाच्या मजुरीला पाप समजत असू, तर श्रमाची प्रतिष्ठा आपल्याला अर्धीच समजली.

आणि शेवटी आपल्याच लोकांना. आपल्या संस्था, मंडळे, संघटना लाखो रुपयांचा मंडप घालतात, डीजे लावतात. स्मरणिकेत लिहिणाऱ्या पोराला पाचशे रुपयांचे पाकीट द्या. रक्कम लहान असो, पण पावतीवर "लेखनाचे मानधन" असे लिहा. उद्या तो बाहेरच्या संपादकापुढे ताठ मानेने दर सांगेल, कारण त्याला आपल्या घरात सवय लागलेली असेल.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी फोन आला की विषय विचारण्याच्या आधी दर विचारा. आवाज चढवू नका, पण खालीही आणू नका. आमच्या आज्ज्यांनी वेठ नाकारली तेव्हा गावाने त्यांचे पाणी तोडले. आपले फार तर एका पुरवणीतले नाव जाईल.

जय भीम !