बांधावरची रुई

रुई कमी पावसाच्या मुलखात रमते. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे, जमीन मुरमाड आणि पाऊस बेभरवशाचा. तिथल्या माळावर, ओढ्याकाठी ती भर उन्हाळ्यातही फुललेली असते. शनिवारी मारुतीला हिच्याच पानांची माळ चढते. एरवी मात्र बांध साफ करताना पहिला घाव हिच्यावर पडतो, आणि तो पडू नये इतकी ही मोलाची आहे.

मेणात कोरल्यासारख्या पाच जांभळट पाकळ्या, मधोमध उभा मुकुट, असे हिचे देखणे फूल. यातले पराग सुटे नसतात. त्यांचे जोडीजोडीने बांधलेले पुंजके मुकुटाच्या अरुंद फटींत दडलेले असतात. मधासाठी आलेल्या काळ्या, थोराड भुंग्याचा पाय त्या फटीत सरकतो. तो हिसक्याने ओढून काढताना पुंजक्यांची जोडी पायाला अडकते आणि पुढच्या फुलाच्या फटीत जाऊन बसते. हे काम अंगात जोर असलेल्याचेच. त्यामुळे फुलांचे घोस लगडले तरी बोंडे मोजकीच धरतात. हाच भुंगा तुरीच्या आणि शेवग्याच्या फुलांवरही राबतो. शेतात काही फुलत नाही तेव्हा रुई त्याला पोसते.

बिबळ्या कडवा हे नारिंगी फुलपाखरू तर हिच्या पानांवर अंडी घालते. अळी चिकाळ पाने खाते, चिकातले विष अंगात साठवते, आणि पुढे फुलपाखरू झाल्यावरही पक्षी तिच्या वाटेला सहसा जात नाहीत.

लावणी सोपी. बोंड उकलू लागताच त्याला दोरा बांधावा, नाहीतर बियांच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर उडून जातात. पहिल्या पावसानंतर बी उथळ पेरावे, शक्यतो कायमच्या जागीच, कारण सोटमूळ खोल जाते आणि मोठे झाड हलवलेले सोसत नाही. ऊन भरपूर हवे; पाणी साचणारी जागा टाळावी. एकदा मूळ धरले की खतपाण्याची गरज उरत नाही. औषध फवारू नये, कुरतडलेली पाने पाहून तर मुळीच नाही. चीक डोळ्यांत गेल्यास घातक ठरतो, म्हणून झाड लहान मुलांच्या वावरापासून दूर असावे. भुंगे वाळक्या लाकडात घर पोखरतात, तेव्हा जवळपास एखादा जुना ओंडका राहू द्यावा.

यंदा बांध साफ करताना रुईची दोन-चार झुडपे तेवढी राखावीत.