जिम्मीची आई

परवा रविवारी आमची कन्या मोबाईलवर एक इंग्रजी सिनेमा पाहत बसली होती. आम्ही चष्मा चढवून तिच्या खांद्यावरून डोकावलो. रात्रीचे शहर, गुलाबी अक्षरे, निळसर उजेड आणि मागे सिंथेसायझरचे संथ सूर. सिनेमाचे नाव 'ड्राइव्ह', साल २०११. “पप्पा, ह्याला रेट्रो म्हणतात. एटीजसारखं केलंय,” तिने आम्हाला समजावले. आमचा जन्म १९७९ चा. ज्या दशकात आम्ही करदोडा बांधून तानसाच्या परिसरात हुंदडलो, ते दशक पोरीने आम्हाला शिकवावे, याचे हसू आले.

हल्ली अशा सिनेमांची बरीच चलती आहे म्हणे. दुकानांच्या पाट्यांवर वळणावळणाच्या काचेच्या नळ्या असत, त्यांत वायू भरून वीज सोडली की लाल-निळा प्रकाश पडे, तो निऑनचा उजेड. आणि विजेवर सूर काढणारी पेटी म्हणजे सिंथेसायझर. १९८२ साली अमेरिकेत 'ब्लेड रनर' आणि 'ट्रॉन' हे दोन सिनेमे आले, त्यांत असेच चित्र रंगवले होते. आजचे दिग्दर्शक तोच रंग मागे वळून उचलतात.

पण वाचकहो, आपण तरी कुठे मागे होतो? १९८० साली 'कुर्बानी' आणि 'कर्ज' आले. १९८२ साली तर मुंबईतल्या चरणजित सिंग या सिनेमाच्या वाद्यवृंदातल्या वादकाने रोलंड कंपनीच्या नव्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून तबकडी काढली. तेव्हा कोणी फारशी विचारली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा तिकडचे जाणकार चकित झाले. आणि त्याच १९८२ च्या डिसेंबरात मिथुन चक्रवर्तीचा 'डिस्को डान्सर' आला. दिग्दर्शक बी. सुभाष, संगीत बप्पी लाहिरी. पुढे सोव्हिएत रशियात तो कोट्यवधी लोकांनी पाहिला.

आमच्या वाडीत तो यायला १९८९ साल उजाडले. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते, पण धरणापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या घरात तेव्हाही रॉकेलची चिमणी होती. धाकट्या काकांची हळद होती. शहापूरहून टेम्पोत घालून रंगीत टीव्ही, व्हिडिओ आणि जनरेटर आणला. खळ्यावर गोणपाटे अंथरली. जनरेटर करवंदीच्या जाळीमागे धडधडत होता. त्याचा जोर कमी झाला की मिथुन आखडे, वाढला की फुगे. कॅसेट घासलेली, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे हिरवट. तरी ते चमचमते कपडे आणि ते गरगरणारे दिवे पाहून आम्ही दहा वर्षांची पोरे वेडी झालो. दुसऱ्या दिवशी आम्ही कपाळाला बेगड बांधली, बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद लावला आणि गोठ्यात डिस्को काढला. म्हैस बिथरली, त्याबद्दल मार खाल्ला तो वेगळा.

त्या रात्रीची एक गोष्ट मात्र आम्हाला उमगली नव्हती. सिनेमाच्या सुरुवातीला रस्त्यावर गाणाऱ्या गरीब पोरावर श्रीमंताच्या बंगल्यात गिटार चोरल्याचा आळ येतो आणि त्याच्या आईला तुरुंगात जावे लागते. पटकथा राही मासूम रझा यांची, ज्यांनी पुढे दूरदर्शनच्या 'महाभारता'चे संवाद लिहिले. त्या प्रसंगाला आमची आई उठली आणि जनरेटरच्या पलीकडे अंधारात जाऊन बसली. “आई ये ना, आता नाच येणार,” आम्ही हाक मारली. ती आली नाही.

आई तेव्हा एका बंगल्यात धुणी-भांडी करायची. आदल्या पावसाळ्यात तिथली चांदीची वाटी दिसेना. आईची पिशवी उलटी केली, लुगड्याची ओटी सोडायला लावली. आठवड्याने वाटी त्यांच्याच कपाटामागे सापडली. कोणी काही बोलले नाही. दोन महिन्यांचा पगार अडकलेला, म्हणून आई पुन्हा कामाला गेली. हे सारे आम्हाला मोठेपणी आत्याकडून कळले. आईने स्वतःहून कधी विषय काढला नाही.

कन्येचा सिनेमा पाहून आम्हाला 'डिस्को डान्सर'ची आठवण झाली आणि आम्ही तो तिच्याच मोबाईलवर लावला. खरे सांगायचे तर सिनेमा भाबडा आहे. चाली काही परदेशी गाण्यांवरून उचललेल्या, आणि गिटारमध्ये पाच हजार व्होल्टची वीज सोडून माणूस मारण्याची युक्ती आज पाहताना हसू येते. पण 'ड्राइव्ह'चा नायक कोणाचा कोण, कुठून आला, हे शेवटपर्यंत कळत नाही. आमच्या जिम्मीला आई आहे, आणि तो दिव्यांखाली नाचतो तो तिच्यावरचा डाग पुसायला. नव्या लोकांनी दिवे घेतले आणि आई मागे ठेवली, असे आम्ही कन्येला म्हणालो. “पप्पा, तुम्ही पण ना,” एवढेच ती म्हणाली.

आई आता सत्तरीच्या पुढे आहे. ती खाटेवर पडून ऐकत होती. चोरीचा प्रसंग आला तशी ती उठून बसली. आमचा हात मोबाईल बंद करायला गेला.

“राहू दे,” आई म्हणाली. “पुढं त्या बाईला सोडलं का रं?”

छत्तीस वर्षे तिला तेवढे ठाऊक नव्हते. सोडले, आम्ही म्हणालो, पुढे पोरगा मोठा होतो, नाव काढतो. त्याच्यासाठी ठेवलेली विजेची गिटार आईच्याच हाती लागते आणि ती मरते, हे सांगावे की नाही, या विचारात आम्ही थांबलो. नातीने सांगून टाकले.

“म्हंजे मेलीच,” आई म्हणाली. थोडा वेळ तिने भिंतीकडे पाहिले. मग नातीला जवळ सरकायला सांगितले. “लाव पुढं. तो नाच बघू दे मला.”